उतरायचं तर आधी चढावं लागतं: काश्मीर ग्रेट लेक्सच्या एका आराखड्याची तपासणी

पुण्या-ठाण्याचे सहा जण. वयं २४ ते ५२. चौघांनी राजगड-तोरणा केलेला, चोवीस वर्षांच्या मुलाने हाफ मॅरेथॉन धावलेली, एक जण कळसूबाईच्या वर कधी गेलेला नाही. सर्वांत मोठ्या सदस्याला बीपीची गोळी चालू. त्यांना काश्मीर ग्रेट लेक्स करायचा आहे: सोनमर्गजवळच्या शितकडीहून निघून विशनसर, किशनसर, गडसर, सतसर, गंगाबल आणि नुंदकोल ही तळी बघत नारानागला उतरायचं. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरची वाट. कंपनीचं पॅकेज न घेता स्थानिक घोडेवाले आणि एक स्वयंपाकी घेऊन जायचं ठरलं आहे. गट नमुन्यादाखल घेतला आहे. वाट, उंच्या आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

त्यांचा पहिला आराखडा चटपटीत होता. शनिवार २९ ऑगस्ट २०२६ ला विमानाने श्रीनगर आणि त्याच संध्याकाळी सोनमर्ग. रविवारी निचनई, सोमवारी विशनसर, मंगळवारी गडसर, बुधवारी सतसर, गुरुवारी गंगाबल. शुक्रवारी नारानागला उतरून श्रीनगर, शनिवारी घरी. रजा फक्त पाच. व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी अंगठा दाखवला.

हा आराखडा कुठे मोडतो ते किलोमीटर मोजून कळत नाही. रोजचं अंतर दहा ते पंधरा किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत चालणाऱ्याला ते फार वाटत नाही. आराखड्यात दोन रकाने वाढवले की दुखणं दिसतं: रात्रीचा मुक्काम किती उंचीवर, आणि तिथून आजारी माणसाला खाली न्यायचं तर वाट कुठून.

मुक्कामाची उंची

पुणे साधारण ५६० मीटर, श्रीनगर १,५८५, सोनमर्ग २,७०० च्या थोडं वर, निचनईचा तळ ३,५०० च्या आसपास. त्यापुढे विशनसर ३,७००, गडसर आणि सतसर ३,६०० ते ३,७००, गंगाबल-नुंदकोल ३,५०० ते ३,६००. (नकाशानकाशांत आणि फोनच्या जीपीएसमध्ये पन्नास-शंभर मीटरचा फरक पडतो, त्यावर वाद घालू नये.) आकडे ओळीने मांडले की लक्षात येतं, निचनईनंतर झोपायची उंची जवळपास सपाट आहे. सगळी उडी सुरुवातीच्या दोन रात्रींत आहे. पहिल्या आराखड्यात माणूस शनिवारी सकाळी पुण्यात उठतो आणि रविवारी रात्री ३,५०० मीटरवर झोपतो. सोमवारी दुपारी तो चार हजारांच्या वरच्या निचनई खिंडीत असतो.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम. त्याचं कारण श्वासात आहे. वर हवा विरळ, म्हणून शरीर जास्त श्वास घेतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि रक्त थोडं अल्कलीच्या बाजूला झुकतं. मग मेंदूच श्वासाला लगाम घालतो, विशेषतः झोपेत. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्यांना दोन-तीन दिवस लागतात. मॅरेथॉनवाल्याची मूत्रपिंडं या कामात कुणापेक्षा चपळ नसतात. उलट तो पहिल्या दिवशी पुढे धावतो, घाम काढतो आणि रात्री डोकं धरून बसतो. या गटात जास्त लक्ष चोवीस वर्षांच्या त्या मुलाकडे ठेवावं लागेल, बावन्नच्या काकांकडे थोडं कमी.

सह्याद्रीतल्या सरावाचा इथे किती उपयोग? पाय, गुडघे आणि दम यांच्यासाठी भरपूर, उंचीसाठी शून्य. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्यावर उभा असलेला माणूस श्रीनगरच्या लाल चौकापेक्षा जेमतेम साठ मीटर वर असतो.

दारं कुठे आहेत

दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. या वाटेचा आकार समजून घ्यायला हवा. सोनमर्ग सिंध नाल्याच्या खोऱ्यात आहे. निचनईची खिंड ओलांडली की आपण त्या खोऱ्याच्या पाठीमागे जातो. विशनसर आणि गडसरचं पाणी उत्तरेला किशनगंगेकडे जातं, तीच नदी नियंत्रण रेषेपलीकडे नीलम होते. सतसर आणि गंगाबल यांच्यामधली झाजची खिंड ओलांडल्यावर आपण परत अलीकडे येतो: गंगाबलचं पाणी नुंदकोलमध्ये आणि तिथून वांगतच्या नाल्याने सिंधला.

सह्याद्रीत चुकलेला माणूस ओढ्याच्या कडेने उतरत जातो आणि कुठल्या तरी वाडीला लागतो. विशनसर किंवा गडसरच्या पाण्यामागे उतरलं तर वाट तुलैल-गुरेझकडे, म्हणजे गाडीरस्त्यापासून आणि आपल्या माणसांपासून दूर जाते. मधल्या टप्प्यातून ओळखीच्या बाजूला यायचं तर खिंड चढूनच यावं लागतं.

आता एकेक मुक्काम घेऊ. निचनईला कुणाला उंची लागली, म्हणजे विरळ हवेने आजार झाला, तर सरळ उतार आहे. चार-पाच तासांत सोनमर्ग, पुढे डांबरी रस्ता, श्रीनगर ऐंशी किलोमीटर. विशनसरला लागली, तर सोनमर्ग गाठायला आधी सुमारे चारशे मीटर चढून निचनई खिंडीत जावं लागतं, आणि उंची लागलेल्या माणसाला वर चढवणं हा त्याच्या आजाराच्या नेमका उलटा उपाय आहे. गडसरला तर मागे सगळ्या वाटेवरची सर्वांत उंच गडसर खिंड (सुमारे ४,१९० मीटर), पुढे झाजची चार हजारांच्या घरातली. सतसरला झाज डोक्यावरच. गंगाबलला पोचलं की दार पुन्हा उघडतं, नारानागपर्यंत उतारच आहे.

म्हणजे सात दिवसांच्या या वाटेवर बिनचढाची दारं दोनच, निचनई आणि गंगाबल. मधले तीन मुक्काम बंद खोलीसारखे. पहिल्या आराखड्यात गट त्या खोलीत शिरतो तेव्हा पुणे सोडून जेमतेम दोन दिवस झालेले असतात आणि कोण आजारी पडणार हे कळायलाही वेळ मिळालेला नसतो. आराखड्याची खरी चूक ही.

गडसर-सतसरच्या पट्ट्यात सैन्याच्या चौक्या आहेत आणि संकटात जवान मदतीला धावतात. पण दुसऱ्याच्या मदतीवर आराखडा बांधायचा नसतो.

दुरुस्त आराखडा

शनिवार २९ ऑगस्टला श्रीनगरला उतरून थेट सोनमर्ग, तेही विमान दुपारी दोनच्या आत उतरणार असेल तरच. झेड-मोढचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून हा रस्ता बराच सुकर झाला आहे, तरी अंधारात पोचून घोडेवाला शोधायचा नाही. रविवारी मुक्काम सोनमर्गलाच. सकाळी थाजिवास हिमनदीच्या दिशेने रमतगमत चालून यायचं, दुपारी सामान तोलायचं, घोड्यांचा करार लिहायचा. सोमवार ३१ ला निचनई. मंगळवारी विशनसर. बुधवारी विशनसरलाच थांबायचं आणि किशनसरच्या वर, गडसर खिंडीच्या वाटेवर दोन-तीनशे मीटर चढून परत यायचं. गुरुवारी गडसर, शुक्रवारी सतसर, शनिवारी गंगाबल. रविवार राखीव. सोमवार ७ सप्टेंबरला नारानाग आणि श्रीनगर, मंगळवारी विमान.

रजा पाचाच्या सात झाल्या. त्या दोन दिवसांवर गटात भांडण होणार हे धरूनच चालावं, आणि ते पुण्यातच मिटवावं. सोनमर्ग ते निचनई ही उडी यातही पाचशेपेक्षा मोठी राहते, साडेसातशेच्या आसपास. ज्यांना ती नको त्यांनी वाटेत शेकदूरच्या भोजपत्राच्या झाडीजवळ, साधारण तीन हजार मीटरवर, एक रात्र घालावी. या गटाने सोनमर्गच्या दोन रात्री आणि औषध असा मधला मार्ग घेतला आहे. तो चालतो, पण निचनईच्या सकाळची तपासणी काटेकोर झाली तरच.

राखीव दिवस कागदावर गंगाबलला दिसतो, पण तो कुठेही खर्च करायचा आहे. गडसर खिंड सकाळी सातला ढगात असेल तर नऊपर्यंत वाट बघा. तरी उघडली नाही तर तो दिवस तंबूत काढा. दुपारनंतर वीज, गारा आणि धुकं हा तिथला नेहमीचा क्रम, म्हणून कुठलीही खिंड अकराच्या आत मागे टाकायची. राखीव दिवस नसलेला गट ढगातही निघतो. खिंडीतले बरेच अपघात अशाच घाईतून होतात.

हाच पंधरवडा का

ही वाट जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. जुलैत खिंडींत बर्फ आणि उतारांवर फुलं. गडसरच्या काठची फुलं बघायची असतील तर ऑगस्टचा मध्य गाठावा, सप्टेंबरात रंग उतरून गवत पिवळं पडू लागतं. मग फुलं सोडून ही तारीख कशाला? अमरनाथ यात्रा रक्षाबंधनाला संपते आणि २०२६ ला रक्षाबंधन २८ ऑगस्टला आहे. बालटालची वाट सोनमर्गवरूनच जाते, त्यामुळे यात्रेच्या दिवसांत खोल्या भरलेल्या, रस्त्यावर ताफ्यांच्या वेळा आणि घोडे यात्रेकरूंकडे गुंतलेले. दुसरं टोक आपल्याकडचं: गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. आठ तारखेला परतलेला माणूस मखराला हात लावू शकतो. या दोहोंमधली फट गटाने पकडली आहे आणि ती बरोबर आहे.

"सप्टेंबर म्हणजे कोरडा" यावर मात्र विसंबू नये. काश्मीरचा २०१४ चा महापूर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या पावसानेच आला होता. रात्री तंबूबाहेर पारा शून्याजवळ जातो, खिंडीत ताजा बर्फही पडू शकतो. आणि हवामान ठीक असलं तरी वाट उघडी असेलच असं नाही. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधल्या ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली गेली. म्हणून तिकिटं पैसे परत मिळणारी घ्यावीत, विम्याच्या कागदात "इतक्या मीटरवरचा ट्रेक वगळून" असं कलम आहे का ते बारीक अक्षरांत वाचावं, आणि निघण्याच्या आठवडाभर आधी सोनमर्गच्या घोडेवाल्याला फोन करून वाट आणि परवानग्यांचं विचारून घ्यावं.

निचनईची सकाळ

मंगळवार १ सप्टेंबर, सकाळी सहा. चहा व्हायच्या आत प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचे: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, रात्री अंग गळून गेल्यासारखं वाटलं का, चक्कर येते का. उत्तरं "नाही, थोडं, बरंच" अशी वहीत लिहायची. विचारणारा ठरलेला एकच माणूस असावा, आणि तो गटाचा म्होरक्या नसलेला बरा. म्होरक्याला पुढे जायचं असतं, त्यामुळे "थोडं" त्याला "नाही" ऐकू येतं.

नियम पुण्यातच ठरलेला असावा. डोकेदुखी एकटी, तीही थोडी: पाणी, पॅरासिटामॉल, तासाभराने पुन्हा विचार. गेली तर पुढे. डोकेदुखी आणि सोबत दुसरं एक लक्षण: त्या दिवशी खिंड नाही. निचनईलाच थांबा. सायंकाळपर्यंत उतार पडला नाही तर तो माणूस, गटातला आणखी एक जण आणि एक घोडा, असे तिघे सोनमर्गला. इथे राखीव दिवस वापरला गेला तरी हरकत नाही. टाच पुढच्या पायाच्या अंगठ्याला लावत दहा पावलं सरळ रेषेत चालता आलं नाही, किंवा बसल्या जागी धाप लागली, खोकला ओला झाला, तर प्रश्नोत्तरं बंद. ही मेंदूला सूज आल्याची किंवा फुप्फुसात पाणी झाल्याची चिन्हं आहेत आणि सकाळची वाट न बघता त्याच क्षणी खाली न्यायचं असतं. ऑक्सिमीटर जवळ असावा, पण त्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. गार बोटांत तो काहीही दाखवतो.

हेच चार प्रश्न विशनसरला दोन्ही सकाळी पुन्हा विचारायचे. गुरुवारी गडसर खिंड चढण्याआधीची सकाळ ही मागे फिरण्याची शेवटची शहाणी वेळ, कारण तिथून निदान एकच खिंड आड असते.

औषधं डॉक्टरला विचारून. अॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) उंचीशी जुळवून घेण्याचं मघाचं मूत्रपिंडांचं काम लवकर करून देतं. आजार झाकत नाही, ही त्याची जमेची बाजू. प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. इथे रविवारी सोनमर्गला सुरू होईल. बाजारात गोळी २५० ची मिळते, म्हणजे अर्धी अर्धी. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा चवीला बेचव लागतो. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्याने डॉक्टरला ते आधी सांगावं. घरी असताना एकदा दोन दिवस घेऊन बघावी, म्हणजे मुंग्या येऊन घाबरायला होत नाही. बीपीच्या गोळीत आधीच लघवी वाढवणारं औषध असेल तर दोन्ही एकत्र चालतील का, हे त्या काकांच्या डॉक्टरने लिहून द्यायला हवं. डेक्सामेथासोन (मेंदूच्या सुजेवर) आणि निफेडिपिन (फुप्फुसातल्या पाण्यावर) बंद खोलीतल्या तीन मुक्कामांसाठी पेटीत असावीत, कधी आणि किती हे डॉक्टरकडून कागदावर घेऊनच. ती उतरण्याऐवजी घ्यायची नसतात, उतरता यावं म्हणून घ्यायची असतात.

सराव: सिंहगड, पण उतरण्यासाठी

बारा आठवडे आधी सुरुवात. आठवड्यात चार दिवस पाऊण तास भरभर चाल किंवा जिने, शनिवार-रविवार डोंगर. आतकरवाडीहून सिंहगड सुमारे सहाशे मीटरचा चढ. सात किलोची सॅक घेऊन तो सव्वा तासात, वाटेत बोलता येईल इतक्या दमात झाला की चढाईपुरतं भागलं.

उतरण्याचा सराव कुणी करत नाही. शेवटच्या दिवशी गंगाबलहून नारानाग म्हणजे सुमारे १,३५० मीटरचा उतार, शेवटचा भाग देवदाराच्या जंगलातून तीव्र. सिंहगड सव्वादोन वेळा सलग उतरल्यासारखं, तेही आठ दिवसांच्या थकव्यानंतर. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत एका सकाळी सिंहगड दोनदा. पिठलं-भाकरीसाठी न थांबता दुसऱ्यांदा उतरायचं, आणि घरी गेल्यावरही त्याच पायांनी जिना उतरता आला पाहिजे. त्याच वेळी बूट पारखले जातात. उतारावर बोट पुढे जाऊन आदळत असेल तर नखं काळी पडणारच. बूट अर्धा नंबर मोठे हवेत. लेस घोट्याशी सर्वांत वरच्या दोन छिद्रांत फासा घालून टाच मागे घट्ट बसवायची, पंजाकडे सैल. नवे बूट निदान ऐंशी किलोमीटर वापरून झालेले असावेत.

जुलै-ऑगस्टचा सराव पावसात होईल, तो फुकटचा फायदा. तीन तासांच्या सरीत जॅकेट आतून ओलं होतं की नाही हे राजगडावर कळलेलं बरं. पोंचो जंगलात ठीक, खिंडीच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो.

घोडे, शिधा, इंधन

सहा ट्रेकर, स्वयंपाकी एक, घोडेवाले दोन, म्हणजे नऊ तोंडं. सात दिवस आणि एक दिवस शिलकी. माणशी दिवसाला पाऊण किलो कोरडा शिधा धरला तर ९ × ८ × ०.७५ = ५४ किलो. घोडेवाले त्यांचं वेगळं आणत असतील तर आधी विचारा, नाहीतर सतसरला तांदूळ संपतो.

विशनसरला पाणी ८७-८८ अंशांवर उकळतं. तुरीची डाळ तिथे शिजत नाही, नुसता गॅस जातो. कुकर हवाच, आणि डाळ मुगाची किंवा मसुराची. पोहे, उपमा, शेवया, मेतकूट-भात, भाजणीचं थालीपीठ, बेसन (पिठलं दहा मिनिटांत होतं). खिंडीच्या दिवशी दुपारचं जेवण नाही, खिशात गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि चिवडा. उंचीवर भूक मरते, म्हणून आवडीचं आणि तिखटमिठाचं नेलेलं बरं. कोरड्या प्रोटीनच्या वड्या बहुधा तशाच परत येतात. नऊ जणांचा स्वयंपाक आणि पिण्याचं पाणी उकळणं यांना माणशी रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास एलपीजी, म्हणजे नऊ-दहा किलो: पाच किलोच्या दोन टाक्या. गॅस विमानात नेता येत नाही, श्रीनगरला किंवा सोनमर्गलाच घ्या. पाणी उकळायचंच किंवा क्लोरीनची गोळी टाकायची. तळी निळीशार असली तरी काठावर बकरवालांचे कळप चरत असतात.

शिधा ५४, इंधन-चूल पंचवीस, तंबू आणि स्लीपिंग बॅग पन्नास-पंचावन्न, भांडी बारा-पंधरा. दीडशेच्या जवळ गेलं. सहा जणांचं आठ-आठ किलो सामान घोड्यावर टाकायचं तर आणखी अठ्ठेचाळीस. घोड्यावर पन्नास किलोच्या आसपासच लादायचं, त्यामुळे चार घोडे. आजारी माणसाला न्यायला पाचवा मोकळा घोडा घेतला तर पैसे वाया गेले असं वाटेल, पण या वाटेवर तोच रुग्णवाहिका आहे.

घोड्यांचे वाद जवळपास नेहमी तीन गोष्टींवर होतात: थांबलेल्या दिवसाचे पैसे, नारानागहून घोडे परत सोनमर्गला नेण्याचे पैसे आणि आगाऊ रक्कम. एका कागदावर घोडे किती, दिवस किती (थांबलेले धरून), परतीचा खर्च आत की बाहेर, आगाऊ किती, एवढं लिहून दोघांनी सही करायची. रोकड श्रीनगरलाच काढा. वर नेटवर्क नाही, म्हणजे यूपीआय नाही.

कागद आणि फोन

सैन्याच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासून नावं लिहिली जातात. आधार मूळ आणि तीन झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाठीवरच्या सॅकमध्ये. घोड्यावरच्या सामानात ठेवलेलं आधार चौकीवर उपयोगाचं नाही, घोडे तासभर पुढे गेलेले असतात. चौकीचे, पुलांचे फोटो नाहीत. ड्रोन नाही. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र नेणं बेकायदेशीर आहे, परदेशातून आलेल्या नातेवाइकाने "माझं घेऊन जा" म्हटलं तरी नाही म्हणायचं. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवला की जीपीएस नेटवर्कशिवाय चालतो.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. गटात निदान दोन पोस्टपेड हवेत. सोनमर्ग सोडलं की सोमवार ते सोमवार फोन लागेल असं धरू नये. म्हणून घरच्या एका माणसाकडे मुक्कामांची यादी, घोडेवाल्याचा आणि गाडीवाल्याचा नंबर, आणि काळजी कधी सुरू करायची याची ठरलेली वेळ द्यायची. इथे ती मंगळवार ८ सप्टेंबर सकाळी दहा. त्याआधी काळजी करू नये हेही लिहून द्यावं, नाहीतर गुरुवारपासूनच फोनाफोनी सुरू होते.

दोन जागा, जवळून

ओढे. वितळत्या बर्फाचं पाणी सकाळी कमी, दुपारनंतर बरंच वाढतं. जुलैत जिथे बर्फाचा पूल असतो तिथे सप्टेंबरात उघडा प्रवाह असतो. ओलांडताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पाय गेला तर सॅक टाकता येते. मोजे काढून सँडल घालायचे, अनवाणी नाही. तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या बाजूला रोवून, एका वेळी एकच टेका हलवायचा: काठी, पाय, पाय. पाणी मांडीला लागत असेल तर वर-खाली दोनशे मीटर फिरून रुंद जागा शोधा. रुंद म्हणजे उथळ.

सतसरचे धोंडे. झाजच्या चढाआधी मोठमोठ्या शिळांचा पट्टा लागतो. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर चालायची सवय इथे उलटी पडते. घसाऱ्यात आपण पाय रुतवतो, इथे धोंड्याच्या मध्यावर पाऊल टाकून लगेच पुढे जायचं असतं. काठ्या आखडून सॅकला बांधा, फटीत अडकून त्या मोडतात आणि मनगटही जातं. ओला धोंडा, शेवाळलेला धोंडा वर्ज्य. बावन्नच्या काकांमागे इथे एकाने राहायचं, पुढे नाही.

झाजच्या माथ्यावरून गंगाबल आणि नुंदकोल एकदम दिसतात, मागे ५,१४२ मीटरचा हरमुख. काश्मिरी पंडितांसाठी गंगाबल तीर्थ आहे, अस्थी इथे विसर्जित होतात. काठावर साबण आणि भांडी नकोत. शौचाचा खड्डा पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल.

नारानाग

सोमवारी सात वाजता निघालं तर दुपारी दोन-तीनला नारानाग. आठव्या शतकातल्या देवळांच्या दगडी अवशेषांपाशी वाट संपते. गाडी तिथे बोलावणं फोनवर जमणार नाही, म्हणून सोनमर्ग सोडण्यापूर्वीच गाडीवाल्याला तारीख, चारची वेळ, आणि "राखीव दिवसही संपून आम्ही अडकलो तर मंगळवारी पुन्हा याच वेळी" हे दोन्ही सांगून ठेवायचं. मंगळवारचं विमान संध्याकाळचं घेतलं तरी त्या दुसऱ्या शक्यतेत ते चुकतं, म्हणूनच तिकीट बदलता येणारं हवं. श्रीनगर विमानतळावर बाहेरच्या फाटकापासून तपासण्या असतात, तीन तास आधी पोचा. घोडेवाल्यांचा हिशोब नारानागलाच, कागद समोर ठेवून, उरलेला शिधा आणि अर्धी टाकी त्यांना देऊन.